इन्व्हेस्टमेंट बँकेतली समर इंटर्नशिप: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मी कऱ्हाडची. बी.कॉम. कोल्हापुरात केलं, एमबीएसाठी मुंबईत आले आणि पहिल्या वर्षानंतरचा उन्हाळा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, म्हणजे बीकेसीतल्या, एका देशी मर्चंट बँकेत काढला. घरात या क्षेत्रातलं कुणीच नव्हतं. इंटर्नशिप मिळाल्याचं कळल्यावर आत्याचा पहिला प्रश्न होता, "बँकेत लागलीस? कुठल्या शाखेत?" तिचं काही चुकलं नव्हतं. मलाही वर्षभरापूर्वी फार वेगळं सांगता आलं नसतं.

तर थोडक्यात: ही बँक ठेवी घेत नाही, पासबुक देत नाही. कंपन्यांना बाजारातून भांडवल उभारून देणं आणि कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत सल्ला देणं, हा तिचा धंदा. शेअर बाजाराची नियामक संस्था म्हणजे सेबी. तिच्या कागदोपत्री यांना मर्चंट बँकर म्हणतात.

इथे इंटर्नला रोज, कधीकधी तासातासाला, एकच प्रश्न विचारला जातो: "हा आकडा कुठून आला?" त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असेल तर बाकीचं बरंचसं आपोआप निभावतं. खाली जे लिहिलंय त्यातलं बहुतेक या तयारीबद्दलच आहे.

१. काम नेमकं कुठलं, ते आधी विचारून घ्या

"इन्व्हेस्टमेंट बँकिंग" या पाटीखाली तीन वेगवेगळी कामं खपवली जातात, आणि नवखा विद्यार्थी इथेच फसतो.

पहिलं, प्रत्यक्ष व्यवहाराचं काम: आयपीओ (कंपनीचे शेअर पहिल्यांदाच लोकांना विकणं), क्यूआयपी (मोठ्या संस्थांना शेअर विकून भांडवल उभारणं), विलीनीकरण, खासगी गुंतवणूक. गोल्डमन सॅक्स, मॉर्गन स्टॅन्ली यांसारख्या परदेशी बँकांच्या मुंबईतल्या टीम लहान असतात. कोटक महिंद्रा कॅपिटल, अ‍ॅक्सिस कॅपिटल, जेएम फायनान्शियल, एसबीआय कॅपिटल मार्केट्स, अवेन्डस अशा देशी नावांकडे जागा थोड्या जास्त. त्याखेरीज लहान उद्योगांचे आयपीओ करणाऱ्या छोट्या मर्चंट बँका आहेत. बीएसई आणि एनएसई या दोन्ही शेअर बाजारांचे अशा लहान उद्योगांसाठीचे एसएमई मंच २०१२ पासून चालू आहेत.

दुसरं, परदेशी बँकांच्या भारतातल्या केंद्रांमधलं विश्लेषणाचं काम. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या टीमसाठी इथे बसून मॉडेल आणि स्लाइड बनवायच्या. शिकायला उत्तम, पण क्लायंट दिसत नाही.

तिसरं, ऑपरेशन्स: सौद्यांची पूर्तता, खात्यांची जुळवणी. हेही सन्मानाचं काम आहे आणि पुण्यात त्याच्या भरपूर नोकऱ्या आहेत. फक्त व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीचं मूल्य ठरवणं, शिकायला मिळेल या आशेनं तिथे जाऊ नका. मुलाखतीतच विचारा: "टीम कुठल्या प्रकारचे व्यवहार करते? इंटर्नला त्यात काय करायला मिळतं?" उत्तर गुळमुळीत आलं तर काय ते समजा.

आणि इंटर्नशिपसाठी "ट्रेनिंग फी" किंवा "रजिस्ट्रेशनचे पैसे" मागणारा कुणीही भेटला तर तिथून सरळ निघा. खरी बँक इंटर्नला स्टायपेंड देते, त्याच्याकडून पैसे घेत नाही.

२. अर्ज आणि मुलाखत

मॅनेजमेंट कॉलेजांत समर प्लेसमेंट साधारण दिवाळीच्या आगेमागे होतात, म्हणजे कॉलेजात रुळायच्या आतच. जुलैत वर्ग सुरू झाले की सीव्ही लिहायला घ्या. कॉलेजात अशा कंपन्या येत नसतील तर माजी विद्यार्थी शोधा आणि त्यांना चार ओळींचा ई-मेल लिहा: तुम्ही कोण, काय येतं, कुठल्या महिन्यांत मोकळे आहात, सीव्ही सोबत जोडला आहे. "आदरणीय महोदय, मला लहानपणापासून फायनान्सची आवड आहे" असली सुरुवात नको. त्या माणसाकडे ती ओळ वाचायला वेळ नसतो. लहान मर्चंट बँका अशा ई-मेलना उत्तर देतात. निदान काही तरी देतात.

मुलाखतीत तीन विवरणपत्रांचा एकमेकांशी संबंध विचारतातच: नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह. त्यातला नेहमीचा प्रश्न असा: घसारा १०० रुपयांनी वाढला तर काय होईल?

करदर २५ टक्के धरा. करपूर्व नफा १०० नं घटतो, कर २५ नं घटतो, म्हणजे निव्वळ नफा ७५ नं घटतो. रोख प्रवाहात हा उणे ७५ येतो, पण घसाऱ्यात रोकड बाहेर जात नाही म्हणून १०० परत मिळवायचे, म्हणजे रोख २५ नं वाढते. ताळेबंदात रोख अधिक २५, स्थिर मालमत्ता उणे १००, एकूण मालमत्ता उणे ७५. समोरच्या बाजूला भागधारकांचा निधीही उणे ७५. जुळलं.

हे पाठ करून जाऊ नका, कारण पुढचा प्रश्न फिरवून येतो: "घसाऱ्याऐवजी माल उधारीवर विकला असता तर?" बी.कॉम.ला हातानं ताळेबंद जुळवलेल्यांना इथे खरं तर फायदा आहे. माझ्या वर्गातल्या इंजिनियर मंडळींना हे पुस्तकातून शिकावं लागलं.

इंग्रजीची धास्ती अनेकांना असते, म्हणून स्पष्टच सांगते. उच्चारांकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. लिहिण्याकडे असतं. ई-मेलमधलं शुद्धलेखन आणि लहान, नेमकी वाक्यं जमली की काम भागतं. ऑफिसात बोलणं अर्धं हिंदीतच चालतं, आणि अकाउंट्समधल्या काकांशी मराठीत.

३. हे कागद आधीच काढून ठेवा

- कॉलेजचं बोनाफाइड आणि ना-हरकत पत्र, त्यावर इंटर्नशिपच्या तारखा
- पॅन, आधार, फोटो, गुणपत्रिका
- स्वतःच्या नावाच्या बँक खात्याचा रद्द केलेला चेक
- स्वतःची डिमॅट खाती आणि त्यातले शेअर यांची यादी
- घरच्यांचे पॅन क्रमांक आणि फोन नंबर

शेवटचे दोन मुद्दे वाचून बिचकू नका. सेबीचे इन्सायडर ट्रेडिंगविषयीचे २०१५ चे नियम आहेत. गोपनीय माहितीपर्यंत पोचणाऱ्या व्यक्तींकडून त्यांच्या जवळच्या नातेवाइकांची, म्हणजे पैशांसाठी त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्या किंवा शेअरव्यवहारात त्यांचा सल्ला घेणाऱ्या माणसांची, माहिती कंपनीला घ्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी इंटर्नलाही तोच फॉर्म भरायला लावतात. बाबा शेअर घेत-विकत असतील तर त्यांना आधीच समजावून सांगा. "मुलीच्या ऑफिसला माझा पॅन कशाला?" हा संवाद रुजू व्हायच्या दिवशी, रिसेप्शनमध्ये उभं राहून फोनवर करायला बरा वाटत नाही.

४. राहणं आणि जाणं-येणं

ऑफिस बीकेसीत असेल तर कलिना, सांताक्रूझ पूर्व, कुर्ला किंवा सायन बघा. रात्री उशिरा परतायचं असतं, त्यामुळे स्वस्त म्हणून डोंबिवली किंवा पनवेलला राहणं इंटर्नशिपपुरतं तरी महागात पडतं. पीजी ठरवताना भाड्याआधी दाराची वेळ विचारा. रात्री दहाला कुलूप लावणाऱ्या मावशी कितीही प्रेमळ असोत, उपयोग नाही. उशीर झाला तर ऑफिस गाडी देतं का, कितीनंतर देतं, हे पहिल्याच दिवशी एचआरला विचारा.

स्टेशनवरून येणाऱ्यांना वांद्रे पूर्व किंवा कुर्ला पश्चिमेकडून शेअर रिक्षा मिळते. भूमिगत मेट्रो ३ चं बीकेसी स्थानक ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून त्या मार्गावर राहणाऱ्यांचं बरंच सोपं झालंय. जूनमध्ये पाऊस लागला की मिठी नदीच्या बाजूला पाणी भरतं. टेबलाच्या खणात बुटांचा आणि मोज्यांचा एक जादा जोड ठेवा.

५. तोंडाला कुलूप

हा भाग नीट वाचा. बाकी चुका सुधारता येतात, इथली चूक सुधारत नाही.

एखादी कंपनी दुसरी कंपनी विकत घेणार आहे, हे जाहीर होण्याआधी तुम्हाला कळेल. ती जाहीर न झालेली आणि भावावर परिणाम करणारी माहिती असते. ती कुणाला, कधी दिली याची नोंद नाव आणि पॅनसकट एका डिजिटल नोंदवहीत ठेवावी लागते आणि ती निदान आठ वर्षं जपली जाते. त्या यादीत तुमचंही नाव असणार आहे.

व्यवहाराला सांकेतिक नाव असतं, एखाद्या नदीचं, पक्ष्याचं किंवा डोंगराचं. कंपनीचं खरं नाव ऑफिसातही उगाच उच्चारू नका. लिफ्टमध्ये, रिक्षात, लोकलमध्ये अजिबात नको, कारण बीकेसीतून निघालेल्या शेअर रिक्षात शेजारी बसलेला माणूसही याच धंद्यातला असण्याची शक्यता भरपूर आहे.

फायली स्वतःच्या ई-मेलवर पाठवायच्या नाहीत, स्क्रीनचा फोटो काढायचा नाही. क्लायंटचे आकडे फुकटातल्या एआय चॅटमध्ये टाकून "सारांश करून दे" म्हणायचं नाही. यात आजकाल खूप जण सापडतात, कारण तसं करताना आपण माहिती बाहेर देतोय असं वाटतच नाही. कंपनीनं स्वतः दिलेलं साधन असेल तर त्याचेही नियम विचारा.

स्वतःचे शेअर विकायचे असतील तरी आधी कंप्लायन्सची, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या विभागाची, परवानगी. म्युच्युअल फंडाची एसआयपी चालू ठेवता येते का, तेही त्यांनाच विचारा, शेजारच्या इंटर्नला नको.

आणि घरी. लग्नकार्यात कुणीतरी हमखास विचारतं, "काय मग, कुठला शेअर घेऊ?" एकच उत्तर ठेवा: "आम्हाला सांगायला बंदी आहे." थोडा भाव खाल्ल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

६. एक्सेलची शिस्त

पहिल्या आठवड्यात माऊस बाजूला ठेवायचा सराव करा. कळा थोड्याच पाठ लागतात: एफ२ नं सूत्र उघडतं, एफ४ नं संदर्भ पक्का होतो, आल्ट आणि बरोबरच्या चिन्हानं बेरीज होते, कंट्रोल आणि [ दाबलं की आकडा ज्या खान्यातून आला तिथे उडी मारता येते. ही शेवटची कळ सोन्यासारखी जपा.

रंगांचा रिवाज जवळपास सगळीकडे सारखा आहे. हातानं टाकलेला आकडा निळा, सूत्र काळं, दुसऱ्या पानावरून आणलेलं हिरवं. निळ्या आकड्याशेजारी तो कुठून घेतला ते लिहायचं: कुठला वार्षिक अहवाल, कुठलं पान. सूत्राच्या पोटात हातानं आकडा घुसडणं, म्हणजे बेरजेनंतर "अधिक १२" असं काहीतरी, हा सर्वात मोठा गुन्हा. तीन दिवसांनी तो १२ कशाचा होता हे तुम्हालाही आठवत नाही.

फायलीला दरवेळी नवा क्रमांक द्या. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" अशी नावं दिसली की वरिष्ठांच्या कपाळावर आठ्या पडतात.

७. कॉम्प्स: इंटर्नचं रोजचं जेवण

तुलनेच्या कंपन्यांचा तक्ता म्हणजे कॉम्प्स. एका कंपनीचं मूल्य ठरवायला तिच्यासारख्या नोंदणीकृत कंपन्या बाजारात किती पटीनं विकल्या जातात ते मांडायचं. काम सोपं दिसतं, म्हणूनच इंटर्नला देतात.

समजा एका कंपनीचं बाजारमूल्य ५,००० कोटी रुपये, कर्ज ८०० कोटी आणि रोकड ३०० कोटी. कर्ज मिळवा, रोकड वजा करा: एंटरप्राइज व्हॅल्यू, म्हणजे अख्ख्या धंद्याचं मूल्य, ५,५०० कोटी. व्याज, कर आणि घसाऱ्याआधीचा नफा, म्हणजे एबिटडा, ५०० कोटी. भागाकार केला की ११ पट. झालं?

नाही. ही कंपनी दुकानांची साखळी असेल आणि तिच्या भाडेकरारांची देणी ४०० कोटी असतील तर? इंड एएस ११६ हे भाडेकरारांच्या हिशेबाचं मानक १ एप्रिल २०१९ पासून लागू आहे. त्यामुळे दीर्घ मुदतीचं बरंचसं भाडं खर्चात न दिसता घसारा आणि व्याजात जातं, आणि एबिटडा फुगतो. भाडं वजा न केलेला एबिटडा खाली घेतलात तर भाड्याची देणी वर धरायला हवीत. मग मूल्य ५,९०० कोटी आणि पट ११.८. किंवा दोन्ही जुन्या पद्धतीनं घ्या. वर एक आणि खाली दुसरं, हे चालत नाही. मल्टिप्लेक्स, दुकानं, रुग्णालयं यांच्या तक्त्यात हा फरक सगळं चित्र बदलतो.

दुसरा सापळा महिन्यांचा. आपली इंटर्नशिप एप्रिल ते जून. मार्चअखेरचे वार्षिक निकाल जाहीर करायला कंपन्यांना ६० दिवस असतात. त्यामुळे मे महिन्यात तुमच्या तक्त्यातल्या निम्म्या कंपन्यांचे निकाल आलेले असतात, निम्म्यांचे नसतात. ज्यांचे आले नाहीत त्यांचे मागचे बारा महिने जुळवावे लागतात: आधीचं पूर्ण वर्ष, अधिक नुकत्याच संपलेल्या वर्षाचे एप्रिल ते डिसेंबर, वजा आधीच्या वर्षाचे एप्रिल ते डिसेंबर. कुठल्या कंपनीचे बारा महिने कधी संपतात ते तक्त्याखाली लिहा आणि रोज सकाळी कुणाचे निकाल लागले ते बघा.

बाकीचे सापळे भराभर सांगते.

एकल (फक्त मूळ कंपनीचे) आणि एकत्रित (उपकंपन्या धरून) आकडे मिसळू नका. बहुतेक वेळा एकत्रितच हवे असतात.

एक अहवाल लाखांत असतो, दुसरा कोटींत, तिसरा मिलियनमध्ये. १० लाख म्हणजे एक मिलियन, १०० कोटी म्हणजे एक बिलियन. आकडा उतरवायच्या आधी पानाच्या कोपऱ्यात एकक कुठलं लिहिलंय ते वाचा.

बोनस शेअर किंवा स्प्लिट झालं असेल तर शेअरसंख्या नवी आणि भाव जुना असं होऊ देऊ नका. कर्मचाऱ्यांना शेअर घ्यायचे दिलेले हक्क, म्हणजे ईसॉप, हेही शेअरसंख्येत धरायचे असतात.

बँका आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्तसंस्था) यांच्यासाठी एबिटडा वापरत नाहीत. तिथे भाव आणि पुस्तकी मूल्य यांचं गुणोत्तर. त्यांचा धंदाच व्याजाचा, मग व्याजाआधीचा नफा काढून करायचं काय?

आणि आकडे मूळ अहवालातून घ्या. तयार माहिती देणाऱ्या संकेतस्थळांवर झटपट अंदाज येतो, पण ते "इतर उत्पन्न" कधी आत धरतात, कधी बाहेर. बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर कंपनीनं स्वतः दाखल केलेली पीडीएफ असते. वेळ लागतो, पण प्रश्न आला की पान उघडून दाखवता येतं.

८. आयपीओच्या टीममध्ये पडलात तर

माझ्या मते शिकायला सगळ्यात चांगली जागा हीच, जरी बाहेरून विलीनीकरणाला जास्त वलय असलं तरी. विलीनीकरणात इंटर्नला प्रकरणाचा एक तुकडा दिसतो. आयपीओत अख्खी कंपनी उलगडते.

जाण्याआधी दोन प्रॉस्पेक्टस, म्हणजे आयपीओच्या माहितीपुस्तिका, वाचा. ते सेबीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मी सुचवेन टाटा टेक्नॉलॉजीज आणि पी. एन. गाडगीळ ज्वेलर्स, दोन्ही पुण्याचे. टाटा टेक्नॉलॉजीजचा नोव्हेंबर २०२३ मधला ५०० रुपये भावाचा आयपीओ पूर्णपणे जुन्या भागधारकांच्या विक्रीचा होता, कंपनीच्या तिजोरीत त्यातून काही आलं नाही. गाडगीळांचा सप्टेंबर २०२४ मधला ४८० रुपये भावाचा. त्यात एकूण १,१०० कोटींपैकी ८५० कोटी नव्या शेअरांचे होते, आणि ते पैसे कशाला लागणार हे लिहिलेलं आहे: महाराष्ट्रात १२ नवी दुकानं, कर्जफेड वगैरे. "ऑब्जेक्ट्स ऑफ द इश्यू" हे प्रकरण दोन्हींत शेजारी ठेवून वाचलंत की नवा इश्यू आणि ऑफर फॉर सेल यांतला फरक वेगळा शिकावा लागत नाही.

प्रक्रिया साधारण अशी. बँकेची नेमणूक होते, कंपनीची तपासणी सुरू होते, प्रॉस्पेक्टसचा मसुदा म्हणजे डीआरएचपी सेबीकडे जातो. तो किमान २१ दिवस लोकांच्या अभिप्रायासाठी खुला असतो. सेबीचे प्रश्न येतात, उत्तरं जातात. मग रोड शो (गुंतवणूकदारांच्या भेटी), भावपट्टा (किमान आणि कमाल भाव), अँकर गुंतवणूकदार (इश्यू उघडण्याआधी शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्था), इश्यू किमान तीन दिवस खुला, आणि तो बंद झाल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी शेअर बाजारात नोंदणी. नोंदणीची ही तीन दिवसांची मुदत १ डिसेंबर २०२३ पासून सगळ्यांना सक्तीची आहे. पूर्वी सहा दिवस लागायचे. नियमांचं पुस्तक म्हणजे सेबीचे २०१८ चे आयसीडीआर नियम. सगळे वाचायची गरज नाही, पात्रता आणि लॉक-इनचा (शेअर ठरावीक काळ विकायला बंदी) भाग चाळा.

यात इंटर्न काय करतो? बॅकअप. मसुद्यातल्या प्रत्येक विधानामागे पुरावा लागतो. "आमचे राज्यभर इतके वितरक आहेत" या वाक्याला क्रमांक द्यायचा, त्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये वितरकांची यादी ठेवायची, आणि ती यादी कुणी प्रमाणित केली ते बघायचं. आर्थिक आकड्यांवर लेखापरीक्षकांची खूण. कारखान्याच्या क्षमतेला चार्टर्ड इंजिनियरचा दाखला. "या क्षेत्रात आम्ही आघाडीवर" म्हणायचं तर त्याला बाहेरच्या संस्थेचा उद्योग अहवाल. शेवटी तपासणी नीट केल्याचं प्रमाणपत्र मर्चंट बँकर स्वतःच्या सहीनं सेबीला देतो, म्हणून हा सगळा खटाटोप. त्या सहीखालच्या थरात तुमचे फोल्डर असतात.

काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण त्यातूनच कंपनी कळते. चुका कुठे लपतात तेही सांगते: कर्मचारीसंख्या व्यवसायाच्या प्रकरणात एक आणि जोखमीच्या प्रकरणात दुसरी. एका ठिकाणी "३१ डिसेंबर रोजी", दुसऱ्या ठिकाणी "३१ मार्च रोजी". टक्क्यांची बेरीज ९९.९. कंपनीच्या वेबसाइटवर लिहिलेली शाखांची संख्या मसुद्यापेक्षा जास्त. ही शेवटची विसंगती बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण वेबसाइट उघडून बघायचं कुणाला सुचत नाही. इंटर्ननं ती दाखवून दिली की पुढच्या ड्राफ्टिंग कॉलला त्याला बोलावलं जातं.

त्या कॉलवर दोन-तीन लॉ फर्मचे वकील, कंपनीचे सीएफओ, लेखापरीक्षक सगळे असतात. एका विशेषणावर अर्धा तास वाद चालतो. तुम्ही फक्त टिपणं घ्यायची: काय बदललं, कुणी करायचं, कधीपर्यंत. कॉल संपल्यावर तासाभरात ती यादी आपल्या टीमला पाठवलीत तर तुमची सगळ्यांना सवय लागते.

९. स्लाइड आणि ई-मेल

प्रत्येक स्लाइडच्या तळाला स्रोत. दशांश सगळीकडे सारखे. पाठवायच्या आधी कागदावर छापून, पेन हातात घेऊन शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे वाचा. पडद्यावर न दिसलेल्या चुका कागदावर दिसतात.

बाहेर जाणाऱ्या ई-मेलच्या दोन धोक्याच्या जागा. पत्त्यांच्या खान्यात पहिली दोन अक्षरं टाकली की संगणक आपण होऊन नाव भरतो, आणि एकाच नावाचा माणूस आपल्याकडेही असतो, समोरच्या पक्षाकडेही. दुसरी, एक्सेलमधली लपवलेली पानं आणि शेरे तसेच जातात. बाहेर काहीही पाठवताना वरच्या माणसाला दाखवल्याशिवाय बटण दाबू नका.

१०. माणसं आणि वेळ

मॅनेजिंग डायरेक्टरला पहिल्या नावानं हाक मारायची पद्धत आहे. आपल्याकडे कॉलेजच्या शिपायालाही मामा म्हणतात, त्यामुळे सुरुवातीला जीभ रेटत नाही. चार दिवस "सर" म्हणालात तर कुणी हसत नाही.

दुपार बऱ्याचदा रिकामी जाते आणि काम संध्याकाळी सातनंतर येतं, कारण वरिष्ठ दिवसभर क्लायंटकडे असतात आणि त्यांचे शेरे परतल्यावर मिळतात. दुपारी झोप आली तरी जागेवर राहा, पण फोन चाळण्यापेक्षा जुन्या व्यवहारांच्या फायली मागून वाचा. जेवण वेळेवर उरका. आठला आलेलं काम मध्यरात्रीपर्यंत चालतं.

काम घेताना तीन गोष्टी तिथेच विचारा: कधीपर्यंत हवं, कुठल्या स्वरूपात हवं, आधी असं काही केलेलं आहे का. दोन जणांनी एकाच वेळी काम दिलं तर स्वतः निवाडा करू नका. दोघांनाही एकाच ई-मेलवर सांगा, ते आपसात ठरवतात. उशीर होणार असेल तर वेळ संपायच्या आधी कळवा, संपल्यावर नव्हे.

११. शेवटचे दोन आठवडे

इंटर्नशिपच्या मध्यावर स्वतःहून विचारा, "माझ्या कामात काय सुधारायला हवं?" शेवटी विचारून उपयोग नसतो, तोवर पीपीओचा, म्हणजे पक्क्या नोकरीच्या ऑफरचा, निर्णय मनात झालेला असतो. पीपीओ मिळणं तुमच्या कामाइतकंच त्या वर्षीच्या बाजारावरही अवलंबून असतं. बाजार थंड असला की चांगल्या इंटर्ननाही नकार येतो. तसं झालं तर तुमच्या वरच्या असोसिएटकडे शिफारशीबद्दल तोंड उघडून विचारा.

कॉलेजला प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायचा असतो, आणि इथे बरेच जण ऐनवेळी अडकतात. चालू व्यवहारातलं काहीही त्यात घालता येत नाही. इंटर्नशिपच्या सुरुवातीलाच सार्वजनिक माहितीवरचा विषय ठरवा, उदाहरणार्थ एखाद्या क्षेत्राचं मूल्यांकन किंवा झालेल्या आयपीओंचा अभ्यास. मसुदा कंप्लायन्सला दाखवायला निदान आठवडाभर हाताशी ठेवा. लिंक्डइनवर लिहितानाही तोच नियम: जाहीर झालेल्या व्यवहाराचं नावही विचारल्याशिवाय टाकू नका.

निघताना फायली कुठे आहेत, कुठलं काम कुठवर आलंय, याची एक पानाची यादी पुढच्या माणसासाठी ठेवा. लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केल्याची पोच घ्या, अनुभवाचं पत्र त्याच दिवशी मागा. स्टायपेंडमधून टीडीएस कापला गेला असेल तर आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली त्याची नोंद दिसते. तुमचं उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर रिटर्न भरून ते पैसे परत मिळतात.